पोपटाचं कासव करताना

पोपटाचं कासव करायला चिमूटभर लाल लागतो. पिवळ्यात थोडा निळा गेला की पोपटी तयार. त्यात नखभर लाल पडला की हिरव्याची मस्ती उतरते, तो जरा मातकट, जरा पोक्त होतो आणि समुद्री कासवाच्या पाठीला शोभेल असा दिसू लागतो. हे दोन जीव वेगवेगळे घडवताना निसर्गाला पुष्कळ खटाटोप करावा लागला असेल. आम्हाला पांडेसऱ्यात एक चिमूट पुरायची.

पांडेसरा म्हणजे सुरतेतला कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलांचा भाग. तिथल्या एका मिलमध्ये मी पस्तीस वर्षं रंग मिसळले. हुद्दा कलर मास्तर, खात्याचं नाव कलर किचन. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, धंद्यातच तसं म्हणतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थाने अमळनेरला माझ्या सासऱ्यांना सांगितलं, मुलगा सुरतेला मोठ्या किचनमध्ये आहे. आचारी जावई करायचा की नाही यावर त्या घरात दोन दिवस खल चालला. शेवटी कमल, म्हणजे आमची ही, म्हणाली म्हणे, की आचारी तर आचारी, बायकोला एक वेळ तरी सुट्टी मिळेल. ती सुट्टी तिला आजतागायत मिळालेली नाही.

तसं पाहिलं तर किचन हे नाव शोभतंही. ओळीने मोठे ड्रम, त्यांत डिंकासारखी दाट खळ, ती घोटणारं यंत्र, तराजू, चमचे आणि भिंतीला लागून रंगाच्या भुकटीचे डबे. खळीत भुकटी मिसळली की पेस्ट होते आणि ती जाळीतून कापडावर उतरते. साडीत जितके रंग तितक्या जाळ्या. खरी मेख पुढे आहे. छापलेलं कापड वाफेत शिजतं, मग धुतलं जातं, तेव्हा कुठे रंग आपलं खरं तोंड दाखवतो. वाफेआधी पोपटी आणि कासवी दोघेही शेणकाल्याचे सख्खे भाऊ दिसतात. म्हणून आम्ही चिंधीवर थोडी पेस्ट ओढायची, ती वाफवायची, धुवायची, वाळवायची आणि खिडकीशी नेऊन नमुन्याशेजारी धरायची. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो, म्हणून खिडकी. जुळला तर ठीक, नाहीतर पुन्हा चिमूट.

मी शेवटी शेवटी नमुन्याकडे पाहणं सोडलं होतं. एकदा पाहिलेला रंग मास्तर विसरत नाही, अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता. व्यापारी मुद्दाम परीक्षा घ्यायचे. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने एकदा वहीत जपून ठेवलेलं पोपटाचं पीस आणलं आणि म्हणाला, हाच रंग पाहिजे. मी पीस फिरवून त्याला विचारलं, "शेठ, यातला कुठला? हा बुडाचा पिवळसर, हा मधला की हा शेंड्याचा निळसर?" तो पंधरा वर्षं साडीवर पोपट विकत होता. पोपटात इतके हिरवे असतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत तर माझ्या पोपटीने बाजार गाजवला. आमचे शेठ, गुजराती माणूस, कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे, ते स्वतः किचनमध्ये येऊन म्हणाले, "मास्टर, आवो पोपटी आखा सुरतमां कोईनी पासे नथी!" म्हणजे असा पोपटी अख्ख्या सुरतेत कुणाकडे नाही. मी मान किंचित झुकवली. अशा वेळी फार झुकवायची नसते. त्या पोपटीची एक साडी मी कमललाही नेली. ती दोन क्षण साडीकडे बघतच राहिली आणि मग छान आहे म्हणाली. मला वाटलं, भारावली.

असं सगळं चांगलं चाललेलं असताना मंगलाताईंचा फोन आला.

मंगलाताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका लहान गावच्या. त्यांच्याकडच्या एका साडीच्या खोक्यावर सुरतेच्या व्यापाऱ्याचा नंबर होता. त्याने कटकट नको म्हणून माझा नंबर दिला.

"साड्या छापतात ते तुम्हीच काय हो?"

"मी रंग करतो, ताई. बोला."

"मग तुमच्याशीच काम आहे. मला कासवाची साडी हवी."

मी म्हटलं, पोपटाची देतो, मोराची देतो, हत्तीची देतो. कासव कोण नेसतं?

"तेच म्हणतात गावातले," त्या म्हणाल्या, "म्हणूनच हवी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं थंडीत येऊन वाळूत अंडी घालतात. गावातल्या वीस बायकांनी ती राखायचं काम अंगावर घेतलं होतं. कोल्ह्याकुत्र्यांपासून अंडी वाचवायची, कुंपणात नेऊन पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. ते बघायला लांबलांबून पाहुणे येतात, त्यांना या बायका घरी उतरवून जेवू घालतात. पण पाहुण्यांना ओळखू येत नाही की कुणाकडे जायचं, आणि गावातले पुरुष टोमणे मारतात की कासवं राखून कुणाचं पोट भरलंय. मंगलाताईंनी एकेकीची समजूत काढून सगळ्यांना एकसारख्या साडीला राजी केलं होतं. "माघात पहिली पिल्लं निघतील, मास्तर. त्या दिवशी वीसच्या वीस जणी एका साडीत उभ्या राहायला हव्यात. नाहीतर माझं हसं होईल. मीच सगळ्यांना भरीला घातलंय."

शेठच्या गल्ल्यावर पितळेचं कासव पाण्याच्या वाडग्यात ठेवलेलं असतं, शुभ म्हणून. ते म्हणाले, "काचबो काउंटर पर सारो लागे, साडी पर नहीं." पण नमुने छापायचं हाताचं टेबल तेव्हा रिकामं होतं आणि माझा पोपटी जोरात होता. "छापी नाखो," म्हणाले. छापून टाका.

चित्र काढायचं काम हेतलकडे. हेतल आमची डिझायनर, चटपटीत सुरती मुलगी, कॉम्प्युटरवर दिवसाला चार पोपट सहज उडवणारी. तिने अर्ध्या तासात कासव काढलं. फोनवर ते बघून मंगलाताई म्हणाल्या, "पोरी, हे विहिरीतलं कासव झालं. समुद्रातल्याला पाय नसतात, वल्ही असतात. आणि मान आत घेतलीस ती बाहेर काढ. आमचं कासव मान आत घेतच नाही, त्याला येतच नाही ते."

"आंटी, तोंड कसं काढू?"

"तोंड तुमच्या पोपटासारखं. चोचच असते त्याला, वाकडी. दात नाहीत."

हेतलने मग खरोखरच पोपटाची चोच उचलली, जरा बोथट केली आणि कासवाला लावली. बेमालूम बसली. इतक्या वर्षांत पोपटाचा कुठलाही भाग दुसऱ्या प्राण्याला बसलेला मी पाहिला नव्हता. तिथून आम्हाला नादच लागला. हेतल फोनवर वाचायची, मंगलाताई दुरुस्त करायच्या, आणि मी, माझा हाताखालचा कौतिक आणि सगळं किचन ऐकायचं. कौतिक आमच्याच खान्देशातला, पन्नाशीचा, वीस वर्षं माझ्याबरोबर. त्याचं मत असं पडलं की दोघांनी हिरवा घेतला खरा, पण वापर उलटा केला. पोपट पानात लपतो आणि मग ओरडून स्वतःच सांगतो, मी इथे आहे. कासव समुद्रात लपतं आणि जन्मात तोंड उघडून कुणाला पत्ता देत नाही.

संसाराच्या बाबतीत तर दोन टोकं. पोपटाची जोडी झाडाच्या ढोलीत चार-पाच अंडी घालते, मादी ती उबवते, नर तिला भरवतो, पुढे दोघं मिळून पिल्लांना भरवतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडतात, पण घर सोडत नाहीत. कासवीण एकटी किनाऱ्यावर चढते, वल्ह्यांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थोपटते आणि निघून जाते. नर तर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की पुन्हा जमिनीवर पाऊल टाकत नाही. हेतलला हे फार लागलं. "आंटी, मा पाछी जोवा बी नथी आवती? परत बघायलाही येत नाही?"

"नाही येत. म्हणून आम्ही बघतो," मंगलाताई म्हणाल्या.

मला त्या बाईबद्दल एकदम आदर वाटला, आणि ही साडी फक्कड व्हायलाच हवी असं मी मनाशी ठरवलं.

प्रश्न राहिला रंगाचा. फोनवरचे फोटो काही कामाचे नसतात. हेतलच्या फोनमध्ये कासव हिरवं, माझ्या फोनमध्ये करडं, शेठच्या महागड्या फोनमध्ये चक्क निळं. मंगलाताई म्हणाल्या, काळजी करू नका, मी नमुना धाडते.

आठ दिवसांनी कुरिअरने खोकं आलं. दुपारी जेवायची वेळ होती. कौतिकने ते फोडलं आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी निघाली.

"मास्तर, कोकणनं लोणचं येल शे!"

कैरीचं मुरलेलं लोणचं होतं ते. आमच्या डब्यांत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. आता अशा वेळी काय करतात? काम मिळालं म्हणून गिऱ्हाईक मिठाई पाठवतं, यांनी लोणचं पाठवलं, असं आम्ही समजलो. मी मास्तर म्हणून पहिली फोड घेतली. मग बरणी फिरली. बॉयलरवाले आले, जाळी धुणारे आले, वासावर हेतलही आली. वीस मिनिटांत बरणीत तेल उरलं. मग कौतिकने तेल पुसायला वर्तमानपत्र उलगडलं आणि त्यातून चिठ्ठी पडली.

"मास्तर, गेल्या वर्षीच्या लोणच्याच्या फोडी पाठवत आहे. त्यांच्या सालीचा रंग पाहा. ऑलिव्ह रिडलेची पाठ ओली असताना अगदी अशी दिसते. याहून जवळचा रंग आमच्या घरात नाही. मंगला."

कौतिकने बरणीत वाकून पाहिलं. तळाशी मेथीचे चार दाणे होते.

"मास्तर, आपन नमुना खाई टाका."

तुम्हाला हसू येईल. आम्हीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण आमच्या धंद्यात नमुना म्हणजे देव. तो हरवला तर मास्तरने तोंड दाखवू नये, आणि आम्ही तो भाकरीबरोबर खाल्ला होता. सरळ फोन करून दुसरी बरणी मागवायला हवी होती. मंगलाताई हसल्या असत्या आणि चार दिवसांत पाठवलीही असती. पण मी कसला मागवतो! मी कौतिकला म्हणालो, "फोड खाताना मी पाहिलीय ना? बस झालं. डोक्यात आहे रंग."

मग मी डोक्यातला रंग करायला बसलो. पोपटीच्या पेस्टमध्ये लाल टाकत गेलो. एक चिमूट. चिंधी वाफवली, खिडकीशी नेली. अजून थोडा. पुन्हा खिडकीशी. तिसऱ्या वेळी मला बरोब्बर मुरलेल्या कैरीची साल दिसली. मी कौतिकला चिंधी दाखवली. त्याने ती बराच वेळ हातात धरली. "मास्तर, कासव असंच ऱ्हास का?" असंच असतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू पाहिलंयस कासव?" तो म्हणाला, नाही. "मग?" म्हणून मी विषय संपवला. त्या "मग"ची मला आजही लाज वाटते.

साड्या छापल्या, वाफवल्या, धुतल्या, घडी घालून रवाना झाल्या. माघ लागायला आठ-दहा दिवस होते. मी खूश होतो. चौथ्या दिवशी फोन आला.

"मास्तर, चित्र सुरेख आहे. पण तुम्ही पोपट धाडलेत."

"काय म्हणता?"

"कासवाच्या आकाराचे पोपट. साडी उघडली तर अंगणात उजेड पडला. आमची सासू म्हणते, एवढा हिरवा तर भाताच्या लावणीतही नसतो." त्या हसत नव्हत्या. "वीस जणी माझ्याकडे बघतायत. मी काय सांगू त्यांना?"

मी म्हणालो, उन्हात बघा. त्या म्हणाल्या, उन्हातच बघतेय.

फोन ठेवून मी उरलेला तुकडा घेऊन खिडकीशी गेलो. मला कासव दिसत होतं. स्वच्छ, मातकट, समंजस कासव. मी हेतलला बोलावलं. ती म्हणाली, "काका, आ तो पोपटी छे." जाळी धुणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, पोपटी. शेवटी कौतिककडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"कौतिक, खरं सांग. केव्हापासून?"

"दोन वरीस व्हयनात, मास्तर."

दोन वर्षं माझे हिरवे, पिवळे, केशरी भडक निघत होते. मी चहाला गेलो की कौतिक ड्रममध्ये गुपचूप चिमूट टाकून ते ताळ्यावर आणत होता. एकदा मी त्याला ड्रमजवळ पकडलं होतं आणि माझ्या रंगाला हात लावतोस म्हणून सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो होतो. पोपटीला मात्र त्याने हात लावला नाही, कारण व्यापारी त्याच भडक पोपटीवर खूश होते. आणि कासव त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"सांगायचं नाही का रे मला?"

"तुम्हले कसं सांगू? तुम्हीच तं माले रंग शिकाडात."

मला त्या क्षणी रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पस्तीस वर्षांत कमावलेली एकच गोष्ट होती आणि ती माझ्या नकळत गेली होती.

कमलने मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी यंत्रात बघितलं आणि म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, तपकिरी. तुम्ही चहाच्या काचेतून जग बघताय. मग मी रंगाचं सगळं सांगितलं. त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, "भडक हिरवा तुम्हाला आधीच मळका दिसतो, म्हणून तुम्ही लाल कमी टाकलात. नमुना शेजारी असता तर चुकला नसतात, कारण नमुनाही तितकाच मळका दिसला असता. डोक्यातला रंग मात्र जुन्या, चांगल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. नमुना नव्हता का?"

"होता," मी म्हटलं. "खाल्ला."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली आणि मी ओरडलोच. भिंत पांढरी होती! पांढरा इतका पांढरा असतो हे मी विसरलो होतो. खिडकीबाहेरचं आभाळ बघून वाटलं, निळा जरा जास्त पडला. आणि मग समोर काहीतरी पेटल्यासारखं दिसलं. कमल स्टुलावर बसली होती. तिच्या अंगावर असा पोपटी होता की डोळा मिटून घ्यावासा वाटला.

"अगं, हा कुणी केला रंग?"

"आवो, तुम्हीच तं करेल शे ना."

ती साडी तिने दोन वर्षांत दर सणाला नेसली होती. आमच्या वस्तीत, बमरोलीत, ती गल्लीच्या तोंडाशी वळली की घरातल्यांना कळायचं, कमलकाकी आली. मी आवडीने आणली म्हणून ती बोलली नव्हती. म्हणजे मी सोडून अख्ख्या सुरतेला माहीत होतं. मी हसायला लागलो, मग ती हसली, आणि डॉक्टरीणबाई धावत आल्या की ऑपरेशनच्या डोळ्याला ताण देऊ नका.

मिलमध्ये परतलो तो थेट शेठकडे गेलो आणि म्हटलं, पोपटी बंद, तो माझ्या मोतीबिंदूचा रंग आहे. शेठने हात जोडले. "मास्टर, आंख सुधारो, पण रंग ना सुधारता!" डोळा सुधारा, रंग नको. तो रंग आजही निघतो. मोजमाप कौतिकने लिहून ठेवलं आहे. मी निवृत्त झालो आणि आता तोच मास्तर आहे.

पण त्याआधी एक काम उरलं होतं. मंगलाताईंना मी सगळं कबूल केलं, लोणचं, मोतीबिंदू, अहंकार, सगळं. पलीकडे हसू फुटलं. "सगळी बरणी? एका बैठकीत?" पहिली पिल्लं चार दिवसांवर आली होती, तेवढ्यात नव्या साड्या होणं शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, आहे ते नेसू, काय होईल ते होईल. मी शब्द दिला की बरोबर रंगाच्या साड्या मी स्वतः घेऊन येईन. दुसरी बरणी आली ती मी कुलपात ठेवली. डावा डोळा हाताने झाकायचा, उजव्याने फोड बघायची, चिंधी बघायची, आणि मग कौतिकला विचारायचं. त्याने हो म्हटल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. सातव्या चिंधीला तो म्हणाला, "आते बराबर शे." ते ऐकून मला शेठच्या कौतुकापेक्षा बरं वाटलं.

फाल्गुनात मी आणि कमल गठ्ठा घेऊन कोकणात गेलो. सकाळी ऊन पडताना गावात पोचलो. मंगलाताई ठेंगण्या, सावळ्या, चटाचटा चालणाऱ्या. त्यांनी गठ्ठा बघायच्या आधी माझा हात धरला आणि किनाऱ्याकडे ओढलं. "मास्तर, नशीब घेऊन आलात. जाळ्यात कासव आलंय, सोडतायत."

वाळूवर दोन कोळी जाळं कापत होते. मध्ये ती बसली होती, ऑलिव्ह रिडलेची मादी, परातीपेक्षा मोठी. वाकडी चोच, डोळे ओले. मी जन्मात पहिल्यांदा कासव बघत होतो. पाठ वाळूने माखलेली, करडी. मी म्हटलं, हाही रंग चुकला. तेवढ्यात लाटेचं पाणी तिच्या पाठीवरून गेलं आणि वाळू निघाली. मी गुडघ्यावर बसलो, बगलेतल्या गठ्ठ्यातून नव्या साडीचा पदर ओढून तिच्या पाठीशेजारी धरला, डावा डोळा झाकला आणि पाहिलं. धागाभरही फरक नव्हता. त्याच वेळी ती उठली आणि वल्ही मारत पाण्याकडे निघाली. तिने काही माझ्या साडीकडे बघितलं नाही, पण मला पास झाल्यासारखं वाटलं.

"बरोब्बर हाच," मंगलाताई म्हणाल्या. पदरावरून त्यांनी हात फिरवला. "अगदी हाच रंग, मास्तर." मग जरा घुटमळल्या. "पण रागावणार नसाल तर एक सांगू? आम्हाला ही नेसायची नाही."

"का हो, आता काय चुकलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी नाइलाजाने त्या पोपटी नेसून आलो. लाजत होतो. तर पाहुणे लांबून, अगदी त्या खडकापासून आम्हाला बघून सरळ आमच्याकडेच आले. लहान पोरं आता पोपटी मावश्या म्हणतात. गावातले बाप्येसुद्धा पाहुण्यांना सांगतात, त्या हिरव्या साड्यांकडे जा. कासवाचा रंग कासवाला बरा, त्याला लपायचं असतं. आम्ही आता कशाला लपायचं?" त्यांनी गठ्ठा छातीशी धरला. "या घरात नेसू. पण किनाऱ्यावर पोपटीच."

पस्तीस वर्षांतला माझा सगळ्यात अचूक रंग गिऱ्हाइकाने माझ्या देखत बाजूला ठेवला आणि मला चक्क आनंद झाला. मी म्हटलं, "फाटल्या की कळवा. मोजमाप लिहिलेलं आहे."

मग पिल्लं सोडायची वेळ झाली. वाळूवर दोरी बांधली होती, पाहुणे तिच्यामागे उभे होते, आणि पुढे वीस जणी पोपटी नेसून टोपल्या घेऊन ओळीत आल्या. हळूच टोपल्या आडव्या केल्या आणि मुठीएवढी काळी पिल्लं पाण्याच्या दिशेने धडपडू लागली. मी जरा लांब, कमलशेजारी बसलो होतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून बाकी होतं, त्यात मोतीबिंदू तसाच होता. सहज म्हणून मी उजवा डोळा मिटला. किनाऱ्यावर कासवाच्या रंगाच्या वीस बायका उभ्या होत्या, शांत, वाळूत विरघळल्यासारख्या. मग डावा मिटला. वीसच्या वीस पोपट झाल्या, एकेक लखलखीत. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मला ते थांबवताच येईना.

कमलने मला कोपर मारलं.

"आवो, काय चालू शे हाई? वीस बायास्ले डोया मारी ऱ्हायनात! काई लाज?"

मी पुन्हा एकदा उजवा मिटला.